निजाईचा माळ

पाहुणेमंडळी, वहाणा इथे काढा आणि हातात घ्या. समोर दिसतो तो निजाईचा माळ. या हिवराच्या झाडापासून पलीकडच्या बोरजाईच्या टेकडीपर्यंत सगळा एकच माळ आहे आणि त्यातून जायला वाटही एकच आहे. तिची रुंदी बघा. दोन माणसे शेजारी शेजारी चालू शकणार नाहीत. तुम्ही नवराबायको असाल तरी मागेपुढेच चालायचे. सकाळी भांडून आला असाल तर उत्तमच, एकमेकांची तोंडे दिसणार नाहीत.

वाटेच्या दोन्ही अंगांना जमीन काळी, खडबडीत, बारीक फोड आल्यासारखी दिसते. नवखा माणूस हमखास विचारतो, इथे वणवा लागला होता काय? काही जळलेले नाही. वाकून बघा, हात मात्र लावू नका. भाकरीवर पापुद्रा सुटतो तसा हा मातीवरचा पापुद्रा आहे. कुठे काळा, कुठे राखाडी, कुठे शेवाळी. त्याच्या फटींतून कुसळी आणि पवन्या गवताचे ठोंब उभे आहेत. आसपासच्या गावांत उन्हाळ्यात धुळीने डोळा उघडत नाही. वारा आमच्याकडेही तेवढाच वाहतो, पण इथली माती जागची हलत नाही.

मेंढरेसुद्धा याच वाटेने जातात, एकामागे एक. माळाच्या कडेला आले की मेंढके थांबतात, मेंढरांच्या गळ्यातल्या घंटांमध्ये लोकरीचे बोळे कोंबतात आणि मगच पुढे निघतात. पलीकडे टेकडीच्या पायथ्याला पोहोचल्यावर बोळे काढतात आणि मेंढरे टेकडीवर चरायला सोडतात. एवढा मोठा कळप आवाज न करता जाताना बघून पहिल्यांदा आलेल्या माणसाच्या अंगावर काटा येतो.

हे असे का, ते आता सांगतो. मी बोरजाईचा गुरव. देवळातला दिवा आमच्या घराण्याकडे आहे आणि ही कथाही आमच्याच घराण्याकडे आहे. वाडीतल्या धनगरांना विचाराल तर ते थोडी वेगळी सांगतील. त्यांचीही ऐकून घ्या, त्यांनाही बरे वाटेल. पण खरी ही.

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा या माळाला नाव नव्हते. कडेला धनगरांची वाडी होती आणि वाडीत कामाण्णा नावाचा मेंढका होता. मेंढरांची खरूज बरी करण्यात त्याचा हात धरणारा माणूस माणदेशात नव्हता, असे सांगतात. खरूज म्हणजे मेंढराचा मोठा वैरी. लोकर झडते, कातडीवर काळ्या खपल्या धरतात, जनावर अंग घासून घासून मरते. कामाण्णा मेंढरू दोन गुडघ्यांत धरायचा, पात्याने खपली खरवडायचा, खालची लाल कातडी दिसली की तिच्यावर करंजाचे तेल आणि राख चोळायचा. काही दिवसांत तिथे नवी लोकर उगवायची. लांबलांबचे लोक मेंढरे घेऊन त्याच्याकडे येत. कामाण्णाला नुसते बघून खरूज पळते, असे लोक म्हणत. माणसाला असे बोललेले फार दिवस ऐकू नये. त्याने ते ऐकले आणि ते त्याला खरे वाटू लागले.

त्याची बायको ठकाई. त्यांना एक मुलगी झाली होती आणि ती बारशाच्या आधीच गेली. नाव ठेवायचे राहिले ते राहिलेच. एवढ्या लहान जीवाला जाळत नाहीत, पुरतात. ठकाईने तिला या माळाच्या मध्यावर ठेवले. वर दगड रचला नाही, की खूण म्हणून काही लावले नाही. काही वर्षांत त्या मातीवरही चहूकडच्यासारखा काळा पापुद्रा धरला. तरी ठकाई बिनचूक तिथे जायची. वाडीवर असली की रोज सकाळी घागर घेऊन तळ्यावरून येताना वाट वाकडी करायची आणि तिथे ओंजळभर पाणी सोडायची. त्यानंतर थोडा वेळ तिथे बसायची. काय बघत बसायची, ते तिने कुणाला सांगितले नव्हते. कामाण्णानेही कधी विचारले नाही. त्या दुःखाला हात लावायची त्याची छाती नव्हती.

वाडीचे लोक दिवाळीनंतर मेंढरे घेऊन खाली नदीकाठच्या मुलखात जात आणि उन्हाळा सरता सरता परत येत. एका वर्षी परत आले तेव्हा माळावर गवत विरळ होते. पाऊस आदल्या वर्षी कमी झाला होता, दुसरे काही नाही. पण कामाण्णा माळाच्या कडेला उभा राहिला, त्या काळ्या फोडांच्या जमिनीकडे बघत राहिला आणि त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"माळाला खरूज झालीया," तो म्हणाला.

दुसऱ्या कुणी हे म्हटले असते तर लोक हसले असते. पण हे कामाण्णा म्हणत होता. काळी खपली, उडालेले गवत, सगळ्या खुणा जुळत होत्या. जन्मभर मेंढरांची कातडी बघितलेल्या लोकांना जमिनीतही मेंढरूच दिसले. लोकांनी माना डोलावल्या. कामाण्णाने बोरजाईपुढे भंडारा उचलला आणि बोलला, "आई, मेंढरू बरं केलं तसा माळ बी बरा करतो. खपली काढतो, खालनं हिरवी लोकर आणतो."

मग वाडीतली सगळी मेंढरे एकत्र केली. खपली खरवडायला पाते पुरणार नव्हते, म्हणून खुरांनी खरवडायची ठरली. कळप माळावर घातला आणि गोल गोल फिरवला. मागून बायकांनी बाभळीच्या काट्यांच्या फांद्या ओढल्या. कडक उन्हाळ्यात तो पापुद्रा वाळून खडखडीत झालेला होता. भाजलेला पापड चुरावा तसा आवाज सगळ्या माळभर होत होता, म्हणे. पापुद्रा फुटला, चुरा झाला, खालून लाल भुसभुशीत माती वर आली. लोकांना हर्ष झाला. खपली निघाली आणि तांबडी कातडी दिसली, म्हणजे आता औषध लागणार!

कळप मध्यावर यायला लागला तेव्हा ठकाई आडवी उभी राहिली.

"धनी, एवढी जागा सोडा," ती म्हणाली.

"ठके, थोडी खरूज ठेवली तर पुन्हा पसरती. तुला ठावं न्हाई का?"

"ठावं हाय. तरी बी सोडा. तितं माझं पोर हाय."

कामाण्णाने कळप वळवला. घोंगडी अंथरावी एवढी एकच काळी जागा मध्ये राहिली, बाकी सगळा माळ लाल झाला.

आणि त्या वर्षी पाऊस असा झाला की विचारू नका. गवत कमरेला लागले. मेंढरे लठ्ठ झाली, कोकरे उड्या मारू लागली. कामाण्णाला खांद्यावर घेऊन लोक नाचले. आजवर मेंढरांचा वैद्य होता, आता माळाचा वैद्य झाला. कुणीतरी त्याला धाकटा बिरोबा म्हटले आणि त्याने नको म्हटले नाही. देव एवढ्यातेवढ्याला रागावत नाही. जरा थांबून बघतो.

पुढच्या उन्हाळ्याच्या अखेरीला कळप परत येत होते. वाडी अजून लांब होती तेव्हा लोकांना माळाच्या दिशेला आभाळभर लालसर ढग दिसला. पाऊस आपल्या आधी पोहोचला म्हणून बायकांनी एकमेकींना टाळ्या दिल्या. जवळ आल्यावर तोंडात कचकच झाली. तो पाऊस नव्हता, त्यांचा माळ होता. रोहिणीचे वारे सुटले होते आणि माळ उठून आभाळात गेला होता.

त्यानंतरचे दिवस वाडीला फार वाईट गेले. भाकरी खावी तर दाताखाली वाळू. मेंढरांचे डोळे चिकटले, खोकून खोकून कोकरे गेली. पाऊस आला तसा पाणी माळावर न मुरता धावत सुटले आणि उरलीसुरली माती घेऊन तळ्यात उतरले. तळे गाळाने भरले. प्यायला गढूळ पाणी. गवताचे बी तर वाऱ्याबरोबर कधीच गेले होते. जिथे कमरेएवढे गवत झाले होते तिथे मुरमाचे खडे उघडे पडले. पहिल्या वर्षी आले ते गवत म्हणजे माळाने साठवलेले होते नव्हते ते एकदम बाहेर काढले होते, असे आमचे वडील म्हणायचे. मोडलेल्या घरातही पहिले चार दिवस जेवणे झडतात, त्यातलाच प्रकार.

वाडीची बैठक बसली. जाणते लोक म्हणाले, आता इथे राहण्यात अर्थ नाही. खाली नदीकाठाला जाऊ, तिकडेच झोपड्या घालू. मागे फिरून यायचे नाही.

कामाण्णा खाली मान घालून ऐकत होता. त्याला हे सहन होईना. तो उठला आणि म्हणाला, "एक डाव बघू द्या. खरूज मुळातनं गेली न्हाई. मध्ये एक जागा ऱ्हायली हाय. तितनंच ती पुन्हा पसरली. तेवढी काढतो."

आता बघा माणसाची गंमत. चूक हातून झालेली असते आणि माणूस ती आणखी एकदा करायला निघतो, कारण पहिल्या वेळी ती पुरी झाली नाही असे त्याला वाटते. तुम्ही हसू नका, तुम्हीही केले असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो हातात कुदळ घेऊन निघाला. मागे वाडी निघाली. ठकाई आधीच तिथे जाऊन बसली होती.

आणि जवळ गेल्यावर सगळ्यांना ते दिसले, म्हणे. वर्षभरात ठकाईवाचून कुणी त्या जागेकडे बघितले नव्हते. भोवतालचा माळ वाऱ्याने खरवडून नेला होता, पण घोंगडीएवढी ती काळी जागा होती तिथेच होती. एखाद्या ओट्यासारखी ती भोवतालच्या जमिनीपेक्षा हातभर उंच राहिली होती. त्या ओट्यावर कुसळीचे ठोंब उभे होते. बाकी माळावर हिरवी काडी नव्हती.

कामाण्णा थबकला, पण कुदळ त्याने खाली ठेवली नाही. "ठके, ऊठ," तो म्हणाला. "समद्या वाडीचा जीव हाय ह्याच्यावर."

"माझा बी हाय," ठकाई म्हणाली. "कुदळ घालायची तर घाला. पर आदी हितं या. बसा. मी रोज काय बघती ते बघा."

नवऱ्याला बस म्हणायची ती वेळ नव्हती आणि तशी रीतही नव्हती. पण तिच्या आवाजात असे काही होते की कामाण्णा बसला. ठकाईने घागरीतले पाणी ओंजळीत घेतले आणि त्या काळ्या, वाळून कडक झालेल्या पापुद्र्यावर हळूच सोडले.

पाणी वाहून गेले नाही. जमिनीने ते ओढून घेतले. मग तो काळा पापुद्रा फुगला, मऊ झाला, आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत हिरवा झाला. कोवळ्या मुगासारखा हिरवा. मागे उभ्या असलेल्या बायकांनी तोंडावर पदर घेतले.

"रोज जागी होती," ठकाई म्हणाली. "पानी दिलं की जागी होती, वाळलं की पुन्ना निजती. मी कुणाला सांगितलं न्हाई. लोक म्हनले असते, ठकी पोरापायी खुळी झाली."

कामाण्णा त्या हिरव्या जागेकडे बघत राहिला. त्याच्या बोटांनी आयुष्यभर खपल्या काढल्या होत्या. खपली कशी असते ते त्याच्याइतके कुणाला माहीत नव्हते. ती मेलेली असते. तिला पाणी लावले तर ती भिजते, पण पीत नाही. हे पीत होते.

"ही खपली न्हवं," तो म्हणाला. "ही कातडी हाय. ठके, मी जित्या माळाची कातडी सोलली."

ज्या माणसाला खांद्यावर घेऊन लोक नाचले होते तो वाडीपुढे मातीत कपाळ टेकवून रडला. कुणी त्याला उठवायला गेले नाही. रडू द्यावे, अशीच ती वेळ होती.

पण रडून माळ भरत नाही. लोक परतले आणि घोंगड्या बांधू लागले. मेंढरांना तर रोज गवत लागतेच. तिसऱ्या दिवशी निघायचे ठरले. कामाण्णा ठकाईला म्हणाला, की वाडी जाऊ दे, आपण दोघे इथे राहू आणि ही जागा राखू. दोन माणसे उजाड माळावर किती दिवस जगणार, हे तिला कळत होते. गेली तर पोर इथे एकटे राहणार होते. राहिली तर ती वाडीला तुटणार होती, आणि पोर राखायला तीही फार दिवस उरणार नव्हती.

संध्याकाळी ती दुधाला विरजण लावायला बसली. निघायचे असले तरी दूध कुणासाठी थांबत नाही. वाटीत कालचे ताक होते. थोडेसे घेऊन तिने गाडग्यात घातले आणि हात तसाच थांबला, असे सांगतात. एवढ्याशा ताकाने गाडगेभर दुधाचे दही लागते. अट एकच, लावलेले भांडे हलवायचे नाही.

ती त्याच पावली माळावर गेली. कामाण्णा मागे धावला. ती त्या ओट्यापाशी गुडघ्यांवर बसली होती आणि तिने आपल्या लेकीवरचा तो पापुद्रा कडेने उचलायला सुरुवात केली होती. ज्या जागेसाठी ती कळपापुढे उभी राहिली, कुदळीपुढे बसली, ती जागा ती स्वतःच्या हातांनी मोडत होती.

"आगं, काय करतीस?" कामाण्णा तिचे हात धरायला गेला.

"माळाला विरजन लावती," ती म्हणाली. "मला अडवू नगा. अडवलंसा तर मी थांबीन, आन थांबले तर पुन्ना हात व्हायचा न्हाई."

त्याने तिला अडवले नाही. सगळे पांघरूण काढले आणि खाली उघडी माती तेवढी उरली, तेव्हा ठकाईने त्या मातीवर गाल ठेवला. "बाये," ती म्हणाली, "तुझं पांघरून समद्यांस्नी वाटलं. रागवू नगंस." आमच्या घरात ही कथा सांगताना इथे थोडे थांबतात. मीही थांबतो.

मग तिने तो चुरा पदरात घेतला, वाडीत आली, बांधलेल्या घोंगड्यांपुढे उभी राहिली आणि म्हणाली, "ह्यो माळ पुन्ना धरंल. पर जसं मी सांगीन तसं वागावं लागंल. माळावर कुणाचं पाऊल नगं. खूर नगं. मोठ्यानं बोलनं नगं. विरजन लावल्यालं भांडं हलवायचं नसतं आन निजल्यालं पोर उठवायचं नसतं. जायाचं तर एकाच वाटंनं जायाचं. ज्याला हे जमंल त्यानं ऱ्हावं, न्हाई त्यानं सुखानं जावं."

जाणते म्हणाले, बाई, माणसे ऐकतील, पण मेंढरांना कोण सांगणार? मेंढरू पाणी सांडावे तसे पसरते.

तेव्हा कामाण्णा पुढे आला. त्याने बोरजाईचा भंडारा पुन्हा उचलला. या खेपेला माळ बरा करतो असे तो बोलला नाही. तो बोलला, "मी म्होरं चालीन. पायात वहान घालनार न्हाई. माझ्यामागं म्होरक्या बकरा, त्याच्यामागं कळप. वाटंच्या भाईर माझ्या कळपाचा खूर दिसला, तर त्या दिशी मी उपाशी."

मेंढरे एकामागे एक जातात म्हणून जग त्यांना हसते. त्या वाडीला मात्र मेंढरांचा तोच स्वभाव कामी आला. पहिले काही दिवस कामाण्णा बरेचदा उपाशी राहिला, म्हणे. पुढे बकऱ्याला वाट पाठ झाली आणि कळपाला बकरा पाठ झाला. घंटांत लोकर घालायची युक्ती ठकाईची. पावसाळ्याच्या शेवटी, ओल टिकते आणि दव पडू लागते त्या दिवसांत, दोघे वाटेवर उभे राहून चिमूट चिमूट चुरा दोन्ही बाजूंना उडवत. कुठे थोडी काळी बुरशी धरल्यासारखी दिसली की पुढच्या वर्षी तिथला थोडा चुरा घेऊन आणखी पुढे टाकत. तोवर वाडीने पोट कसे भरले? अर्धे लोक गेले. अर्धे खालच्या मुलखात जास्त दिवस काढून, लोकांच्या शेतात खतासाठी मेंढरे बसवून टिकले. कुणी सुखात नव्हते, ते खोटे कशाला सांगू.

माळ हळूहळू धरला. किती हळू, तर कामाण्णाचे केस पांढरे झाले तेव्हा अर्धा माळ काळा झाला होता. आधी तळे निवळले. मग धूळ बसली. मग एका वर्षी फटीतून कुसळीची पहिली रांग उठली आणि वाडीतल्या म्हाताऱ्यांनी तिला नमस्कार केला. ठकाई आणि कामाण्णा, दोघांनीही पुरा भरलेला माळ बघितला नाही. तो त्यांच्या मागच्या लोकांनी बघितला. जाताना ठकाईला विचारले, तुला कुठे ठेवायचे? ती म्हणाली, "मला कुटं बी ठेवा, माळावर नगं. माती उकरावी लागंल."

त्या मुलीला नाव नव्हते. लोक तिला निजाई म्हणू लागले, आणि माळ निजाईचा झाला. ती सगळ्या माळाखाली निजली आहे आणि हे काळे तिचे पांघरूण आहे, असे आम्ही मानतो.

काही वर्षांपूर्वी कॉलेजची मंडळी भिंगे घेऊन आली होती. सज्जन माणसे, न सांगता वहाणा काढल्या त्यांनी. पोटावर पडून दिवसभर बघत होती. म्हणाली, गुरवबुवा, हे जिवंत आहे. शेवाळाचे बारीक धागे मातीचे कण शिवून ठेवतात. तुम्ही मसाल्यात घालता त्या दगडफुलाची भावंडेही यात आहेत. हे हवेतले खत ओढून मातीला देते, दव धरते, बियाला जागा देते. मी म्हटले, बरोबर आहे, ठकाईही हेच म्हणत होती. ती मंडळी हसली आणि आम्ही मिळून चहा घेतला. दोन्हीकडून एकच गोष्ट निघाली तर मला आनंदच आहे.

आजही वाडीतली मेंढरे याच वाटेने एकामागे एक जातात. आजही वाडीचे लग्नाचे वऱ्हाड आले की वाजंत्री माळाच्या कडेला वाजवणे थांबवतात आणि नवरा-नवरी अनवाणी पलीकडे जातात. या माळावरून कुणी काडी उचलत नाही, सरपण नेत नाही, मध काढत नाही. न्यायला मुभा आहे ती एकाच गोष्टीची आणि एकाच माणसाला. वाडीत कुणाचे तान्हे गेले, तर त्याची आई स्वतः इथे येते, वाटेवर गुडघे टेकते, निजाईच्या पांघरुणातला तळहाताएवढा तुकडा उचलते आणि नेऊन आपल्या लेकराच्या मातीवर ठेवते. तिने कुणाला विचारायचे नसते आणि तिला कुणी काही विचारत नाही.

ते बघा, वाटेच्या डाव्या अंगाला, त्या दोन ठोंबांच्या मध्ये तळहाताएवढी जमीन लाल दिसते ना? ती मागच्या आषाढातली. ती जागा पुन्हा काळी व्हायला बरीच वर्षे लागतील. आम्हाला घाई नाही. चला, आता एकामागे एक या.